धाब्याच्या घरासारखं थंड, पण भूकंपात उभं राहील असं घर : औसा तालुका, काळी जमीन, सल्ला हवा

तेरणाकाठ :

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात, किल्लारीपासून गाडीवर अर्ध्या तासावर आमचं शेत आहे. तिथं राहतं घर बांधायचं ठरलंय. एकमजली, साधारण ११०० चौरस फूट, माणसं सहा : अण्णा, माय, मी, बायको आणि दोन मुलं. मला घर हवंय ते आमच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घराच्या धर्तीवर. पुढं ढाळज (दारालगतची बसायची जागा), मधे चौक, चौकाभोवती सोपा (छत असलेली ओसरी), जाड दगडी भिंती, स्वयंपाकघरावर सवणं (उजेड-धुरासाठी छतातलं भोक). अण्णांना नेमकं हेच नकोय.

त्यांचं कारण आमच्याकडच्या कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली गेली. आमची आजी आणि धाकटा काका त्यात होते. तेव्हापासून अण्णा माळवदाखाली पाठ टेकत नाहीत. कुणाकडं पाहुणे म्हणून गेले तरी बाज अंगणात टाकून घेतात. ही भीती मला खोडून काढायची नाही. तिला उत्तर देईल असं घर बांधायचंय.

दुसरी बाजू उन्हाळ्याची. पुनर्वसनात जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. आम्हाला मधलं मिळालं, त्यालाच पुढं आम्ही स्लॅबच्या दोन खोल्या जोडल्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि रात्री अकरालाही स्लॅबमधून धग उतरत असते. माय दुपारी स्वयंपाकघरात उभी राहू शकत नाही. मुलगी दहावीला, ती पुस्तक घेऊन लिंबाखाली बसते. माय म्हणते, जुन्या वाड्यात आम्ही भर मे महिन्यात माजघरात गोधडी पांघरून झोपायचो.

दोन ठेकेदारांना विचारलं. एक म्हणाला कॉलम-बीम घाला, एसी लावा, विषय संपला. दुसरा म्हणाला जाड भिंती म्हणजे जागेची नासाडी. दोघांपैकी कुणीही 'जुनी घरं का पडली' याचं उत्तर दिलं नाही, आणि ते कळल्याशिवाय मी अण्णांसमोर नकाशा ठेवू शकत नाही.

जागेची माहिती : जमीन काळी, विहिरीच्या वेळी पाहिलं तर पाच-साडेपाच फुटांवर मुरूम लागला. जुन्या वाड्याचा काळा दगड पडून आहे, बराचसा घडीव. सागवानी खांबही आहेत थोडे. तो दगड वापरता येईल का? छत कशाचं करावं? आणि पाणी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आम्ही पाहिलेत. छतावरचं पाणी चौकाखाली टाकी करून साठवावं असं मनात आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.


ओळंबा :

तेरणाकाठ, तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा. १९९४ नंतर मी उमरगा भागात घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामावर कनिष्ठ अभियंता होतो. पडलेली घरं, अर्धी पडलेली आणि उभी राहिलेली, तिन्ही जवळून पाहिली. तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या रात्रीनंतर आपल्या भागानं दगड आणि माती या दोघांनाच आरोपी ठरवलं आणि खटला तिथंच संपवला. घरं दोन कारणांनी पडली. डोक्यावरचं ओझं आणि भिंतीत नसलेली बांधणी.

आधी ओझं. माळवद कसं असतं ते तुमच्या मायला विचारा. खांब, त्यावर तुळया, त्यावर किलच (आडव्या लाकडी पट्ट्या), त्यावर पाला-तुराट्या आणि वर पांढरी माती. नवं होतं तेव्हा ती माती फार नव्हती. पण दर पावसाळ्याआधी गळती बंद करायला वर नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. दोन पिढ्यांत तो थर दोन-अडीच फुटांवर गेला. दोन फूट मातीचं वजन चौरस मीटरला साधारण एक टन. बारा बाय पंधराची खोली म्हणजे जवळपास १७ चौरस मीटर, म्हणजे झोपलेल्या माणसांच्या वर सतरा टन. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो. वर जितकं ओझं, तितका भिंतीला आडवा धक्का.

आता भिंत. जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, बघायला किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक दर्शनी थर, आतून एक, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड नि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. जमीन हलली की मधली भर खाली बसते, दोन्ही थर पोट फुगल्यासारखे बाहेर येतात आणि कोसळतात. बऱ्याच ठिकाणी मी लाकडी सांगाडा तसाच उभा पाहिला, खांब-तुळया जागेवर, आणि चारी भिंती ढिगारा होऊन खाली. म्हणजे सुताराचं काम टिकलं होतं. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक भिंत एकटी डोलली आणि एकटी पडली.

हे समजलं की उपाय आपोआप दिसतो. तुमचा काळा दगड जरूर वापरा. घडीव आहे हे फार चांगलं, गोल गोटे मात्र भिंतीत येऊ देऊ नका. भिंत १५ ते १८ इंच, त्याहून जाड नको. दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानकही ४५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाही, कारण जाडी वाढली की गवंडी मधे भर घालायला लागतो. दर दोन फूट उंचीला आणि आडवं दर चार फुटांवर एक दगड भिंतीच्या पूर्ण जाडीचा, आरपार. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी पोकळी ठेवून वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरा. आम्ही उभ्या घरांना मजबुती देताना हेच केलं, भिंतीतून दगड काढून काढून. चिखलात बांधू नका. एकास सहा सिमेंट-वाळू चालेल. चुना मिळत असेल आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत असेल तर एकास तीन चुना-वाळू त्याहून सुंदर, पण मग घाई करायची नाही.

आणि मग पट्टे. जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर एक, छताखाली एक. काँक्रीटचा किमान तीन इंचांचा पट्टा, त्यात दोन सळया, दर सहा इंचांवर ६ मिलिमीटरची कडी, आणि पट्टा घराभोवती कुठंही न तुटता पूर्ण फिरला पाहिजे. कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत नेलीच पाहिजे. तिथं आळस झाला तर पट्टा असून नसल्यासारखा. कोपऱ्यांत आणि दारांच्या बाजूंना पायापासून छतापर्यंत उभी सळई घ्या. भिंतीची आधाराशिवायची लांबी पाच मीटरच्या आत, उंची तीन मीटरच्या आसपास. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब. १९९३ पूर्वी किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्यात आला. स्थानिक अभियंत्याला सांगा, तिसरा विभाग धरूनच आकडेमोड करायची.

छताबद्दल उद्या लिहितो, तो मोठा विषय आहे.


राजापूरकर :

ओळंबा साहेबांनी भिंतींचं छान सांगितलंय. माझा अनुभव कोकणातला, तरी लिहितो. चार वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यात जांभ्याच्या चिऱ्यांचं घर बांधलं. पुढं-मागं पडवी, मधे ओटी आणि माजघर, वर मंगळुरी कौलं, कौलांखाली लाकडी माळा. छताचं वजन अगदी कमी, त्यामुळे तुमच्या अण्णांची भीतीच उरणार नाही. चिरे जवळच्या खाणीतले, भिंतींना बाहेरून गिलावा नाही, पागोळ्यांचं पाणी पन्हळातून हौदात. पंखा लावावा लागतो पण एसीचा विचारही मनात आला नाही. तुम्ही उतरतं कौलारू छप्पर का नाही करत? वासे-रिपांना लोखंडी पाइप वापरले तर वाळवीचीही कटकट नाही. फक्त आमच्याकडं वानरं कौलं फोडतात, तुमच्याकडं तो त्रास नसेल.


ओळंबा :

राजापूरकर, तुमचं घर तुमच्या हवेला योग्य आहे, आणि म्हणूनच ते औशाला जसंच्या तसं नेऊ नये असं मला वाटतं. कोकणात दिवसा-रात्रीच्या तापमानात फरक थोडा आणि हवेत दमटपणा फार. तिथं घराला वारा खेळता लागतो आणि धो धो पाऊस पटकन उतरवणारं छप्पर लागतं. मराठवाड्यात एप्रिलमध्ये दुपारी ४१-४२ आणि पहाटे २४-२५. हा जो सोळा-सतरा अंशांचा फरक आहे, तीच आमच्या जुन्या घरांची ताकद होती.

अठरा इंची दगडी भिंतीला बाहेरची उष्णता आत पोचवायला दहा तासांच्या आसपास लागतात. दुपारी दोनची धग आत येईपर्यंत मध्यरात्र होते, तोवर बाहेर गार झालेलं असतं, सवणं आणि दारं उघडी टाकली की भिंती पुन्हा थंड. दोन फूट मातीच्या माळवदातून तर दिवसाचा चढउतार जवळजवळ खाली पोचतच नाही. पाच इंची स्लॅबला मात्र साडेतीन-चार तास पुरतात. दोनचा ताप सहाला छताच्या पोटाशी येतो आणि माणसं घरी यायच्या वेळेला वरून उतरायला लागतो. तेरणाकाठ, तुमच्या घरी रात्री अकराला जे होतं ते हेच. कौलांमध्ये तर ही धरून ठेवण्याची ताकद जवळपास नाहीच. कोकणात ती लागत नाही, इथं लागते. शिवाय २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यानं पाहिली आहे. त्या गारांखाली कौलं राहत नाहीत.

म्हणून छताला माझा सल्ला असा. माती वर नेऊ नका, पण मातीचं काम दुसऱ्या मार्गानं करा. फिलर स्लॅब घाला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताकदीला फारसं उपयोगी नसतं, तिथं सळयांच्या चौकटीत एकमेकांवर पालथी अशी दोन मंगळुरी कौलं ठेवतात आणि वर काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं, कौलांच्या मधली हवा उष्णता अडवते. खालून गिलावा न करता कौलं उघडी ठेवली तर छत देखणंही दिसतं. हा स्लॅब वरच्या पट्ट्याशी एकसंध ओतायचा, म्हणजे चारी भिंतींना वरून झाकण बसतं आणि त्या वेगवेगळ्या डोलू शकत नाहीत. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि सगळ्यात वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर. पांढऱ्यावर तडजोड नको, ऊन परत पाठवायचं काम तोच करतो. सगळं मिळून चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास, म्हणजे त्या जुन्या माळवदाच्या निम्म्याहून कमी, आणि मुख्य म्हणजे सुटं काहीच नाही. अण्णांना हा आकडा सांगा. वर पुढं कुणी माती टाकणार नाही, कोब्यावर कोबा चढवणार नाही, हेही घरात आत्ताच ठरवा. गळलं तर जुना थर काढून नवा करायचा.

झोपायच्या खोल्यांवर स्लॅबपासून सात फुटांवर पाइपचा मांडव करून वेल चढवले तर आणखी फरक पडतो. छताला ऊन लागूच न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

सवणं करता येईल. दोन बाय दोनचं, कडेनं जादा सळया, वर फूटभर कठडा, जाळी आणि सरकतं झाकण.

आतल्या भिंती सगळ्या दगडी करायची गरज नाही. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप पद्धत आहे, लॉरी बेकर यांनी केरळात तिचा मोठा प्रसार केला. विटा साधारण पाव हिश्शानं वाचतात. मातीचे दाबलेले ब्लॉक करायचे असतील तर शेतातल्या काळ्या मातीचे करू नका, ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते. मुरमाड किंवा जुन्या गावठाणाची पांढरी माती, तपासून, पाच टक्के सिमेंट घालून.

आणि यातूनच सगळ्यात मोठी गोष्ट निघते. आपल्या पूर्वजांनी काळीत पेरलं आणि पांढरीवर घरं बांधली. कुणीही काळीत घर बांधत नव्हतं. आज सगळे शेतात घरं बांधतायत, आणि भिंतींना तिरप्या भेगा गेल्या की गवंड्याला दोष देतात. तुमचा मुरूम साडेपाच फुटांवर आहे. पाया तिथपर्यंत न्या आणि मुरमात फूटभर रुतवा. जोत्याच्या आतली काळी माती पूर्ण काढून मुरूम भरा, थराथरानं, पाणी मारून, धुम्मस करून. हा खर्च वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तो जमिनीखाली जातो आणि कुणाला दिसत नाही. बाकी कुठंही काटकसर करा, इथं नको.


बार्शीकरीण :

मी बार्शी तालुक्यातल्या माळवदाच्या घरात सून म्हणून आले आणि आजही त्याच घरात राहते. पाच खणांचं माजघर, दोन बळदं (धान्याची कोठारं), चौक, परसात न्हाणी. वर सगळं बरोबर लिहिलंय, पण ते भिंतीच्या बाहेर उभं राहून लिहिलंय. आतलं मी सांगते.

माजघर थंड असतं, खरं आहे. पण ते थंड असतं त्याचं एक कारण असं की त्यात उजेड येत नाही. खिडकीच नाही, सगळा उजेड दारातून आणि सवण्यातून. पुरुष ढाळजेत आणि ओसरीवर बसायचे, तिथं वारा आणि उजेड दोन्ही. बायकांचा दिवस आतल्या अंधारात जायचा. माझ्या सासूबाईंनी तांदूळ निवडायला कायम सवण्याखालची तेवढी एक जागा धरली. तेरणाकाठ दादा, तुम्ही जुन्या घराची नक्कल करताना हा अंधार आत आणू नका. प्रत्येक खोलीला चौकाकडं उघडणारी चांगली मोठी खिडकी द्या. चौकातलं ऊन थेट आत येत नाही, सोप्याचं छत ते अडवतं, उजेड मात्र येतो. बाहेरच्या भिंतींना, विशेषतः पश्चिमेला, लहान खिडक्या उंचावर.

दुसरं, सारवण. शेणाची जमीन पायाला किती छान लागते हे सगळे लिहितात. दर आठवड्याला गुडघ्यावर बसून ती कोण सारवतं? भिंतींना पोतेरा कोण देतं? पावसाळ्याआधी माळवदावरचं गवत उपटून माती कोण टाकतं आणि ती पाट्या भरभरून वर कोण नेतं? आमच्याकडं हे काम बायका आणि मजूर बायकांनी केलंय. वहिनी नोकरी करत असतील तर हे त्यांच्या माथ्यावर येऊ देऊ नका. आत शहाबादी फरशी घाला, तुमच्या भागाला ती जवळून मिळते, उन्हाळ्यात गार राहते, पुसली की झालं. हौस असेल तर फक्त ढाळजेचा एक कट्टा मातीचा ठेवा.

विंचवाचं कुणी बोललं नाही. सांधे उघडे राहिलेल्या दगडी भिंतीत विंचू हमखास असतो. आतून चुन्याचा गिलावा पक्का करा, बाहेरचे सांधे भरून घ्या.

जे ठेवायलाच हवं असं मला वाटतं ते : भिंतीतले कोनाडे आणि बळदासारखी कोठार-खोली. आमच्या बळदात ज्वारी वर्षभर राहते, किडा लागत नाही. चौकाच्या कडेला पाणी टेकवायचा कट्टा. उंबरे मात्र खाली घ्या. आमच्या घरात प्रत्येक दाराला वीतभर उंबरा आहे आणि सासूबाईंची हाडं त्यावरच मोडली. तुमच्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत, एका पातळीत जमीन करा आणि संडास-न्हाणी चौकातच कोपऱ्यात घ्या, परसात नको. रात्री उठून पावसात परसात जाणं काय असतं ते मला माहीत आहे.


तेरणाकाठ :

ताई, तुम्ही लिहिलेलं मायला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खरं हाय. गार होतं, पर दिवसा चिमणी लावावी लागायची." तिला स्वयंपाकघरात दोन खिडक्या हव्यात, एक चौकाकडं आणि एक गोठ्याकडं. लिहून घेतलं. उंबरा आणि न्हाणीचंही तुमच्या सांगण्याप्रमाणंच होईल.

ओळंबा सर, सतरा टनांचा हिशोब अण्णांना कागदावर करून दाखवला. त्यांनी तो स्वतः पुन्हा मांडला, ते जुने मॅट्रिक आहेत. मग भिंतीतल्या भरीबद्दल वाचलं तेव्हा म्हणाले की दगड उपसताना त्यांनीही मधे नुसता चिखल-खडाच पाहिला होता, सलग दगड कुठं लागला नव्हता. पहिल्यांदाच त्या रात्रीबद्दल ते घराच्या अंगानं बोलले. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत, त्यांच्याच शब्दांत देतो. आरपार दगड गवंड्यानं खरंच घातले का हे गिलावा झाल्यावर कसं कळणार? झोपायच्या प्रत्येक खोलीतून पळायला चौकाकडं दार असेल का? आणि चौक मधे ठेवल्यानं घर कमजोर होत नाही का?

माझा चौथा, टाकीचा. चौकाखाली केली तर चालेल ना?


ओळंबा :

अण्णांचे प्रश्न अभियंत्याचे आहेत. क्रमानं घेतो.

गिलाव्यानंतर कळणार नाही, म्हणून गिलाव्याआधीच बघायचं. आरपार दगडाचं तोंड भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसतं. भिंत चढत असताना प्रत्येक आरपार दगडाला दोन्हीकडून चुन्याची खूण करा आणि फोटो काढा. हे काम अण्णांनाच द्या. रोज संध्याकाळी काम बंद व्हायच्या आधी त्यांनी मोजावं, आणि खूण कमी भरली तर दुसऱ्या दिवशी वरचा थर चढू द्यायचा नाही. गवंड्याशी ठरवतानाच ही अट सांगा, म्हणजे मधेच कुरबुर होत नाही. पट्ट्याचं काँक्रीट ओतण्याआधी कोपऱ्यातल्या सळयाही त्यांनीच बघाव्यात.

प्रत्येक खोलीला चौकाकडं दार ठेवा, आणि दार बाहेर उघडणारं. पण मोजून ठेवा. एका भिंतीतली सगळी भगदाडं मिळून भिंतीच्या निम्म्यापेक्षा बरीच कमी हवीत, बार्शीकरीण ताईंच्या खिडक्या धरून. तुमचं घर मी डोळ्यांसमोर आणतोय त्यात हे बसतं.

चौकानं घर कमजोर होतं ते तो एका बाजूनं उघडा ठेवला तर. इंग्रजी 'यू' सारख्या आकारात मोकळी टोकं वेगळी हलतात आणि आतले कोपरे फाटतात. चौक चारही बाजूंनी बांधा, पट्टे आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही भिंतींवर पूर्ण फिरवा, खोल्या चौकोनी ठेवा. चौथ्या बाजूला खोली नको असेल तर तिथं ढाळज घ्या, पण तिच्या खांबांवरून पट्टा आणि स्लॅब सलग न्या. तुमचे सागवानी खांब सोप्याला शोभेचे म्हणून लावा, ओझं त्यांच्यावर नको. वाळवीसाठी बुडाशी दगडी तळखडा.

टाकी चौकाखाली नको. चौक लहान, चारी भिंतींचे पाये शेजारी, आणि खाली काळी माती. टाकीला केसभर भेग गेली तरी ती माती फुगून पाया उचलेल आणि ते तुम्हाला भिंत तडकल्यावरच कळेल. टाकी घरापासून दहा-पंधरा फूट लांब, उताराच्या बाजूला, मुरमात बसवा. हिशोब सोपा आहे : ११०० चौरस फूट म्हणजे १०२ चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं तरी वर्षाला सुमारे ५७ हजार लिटर. एवढी मोठी टाकी करायची गरज नाही. पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरा, सहा जणांना दिवसाला ६०. वीस हजार लिटरची टाकी तुम्हाला जवळपास अकरा महिने पुरते. उरलेलं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका, वळवायला झडप ठेवा. आणि वरचा थर पांढऱ्या टाइल्सचा आहे म्हणून पाणी स्वच्छ उतरेल, मातीच्या माळवदावरून ते कधीच पिण्यासारखं नव्हतं.

घराभोवती तीन-चार फुटांची फरशी करून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे जोत्याशी ओल-सुकीचा खेळ होणार नाही. त्याच कारणानं मोठं झाड भिंतीला खेटून लावू नका. लिंब पश्चिमेला हवाच, पण वीस-पंचवीस फुटांवर.

मृगाच्या आधी एक काम करा. घराच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे असे पाच खड्डे मुरूम लागेपर्यंत घ्या. विहिरीजवळ साडेपाच फूट लागला म्हणून सगळीकडं तेवढाच असेल असं धरून चालू नका. पाचही खड्डे किती खोल गेले ती मापं इथं टाका, मग पायाचं बोलू. जुन्या दगडाचा ढीग किती ब्रास भरतो तेही मोजून ठेवा, बाहेरच्या भिंतींना पुरतो का ते बघता येईल.